मिस केवडाचा उजवा गाल

मी सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "मग काय राव, मजा होती तुमची. सगळी पिक्चरं फुकटात." पूर्वी मी समजावत बसायचो. आता मान डोलावतो आणि चहा मागवतो.

खरं सांगू का, ऑपरेटर पिक्चर बघायला लागला की समजावं, आज काहीतरी जळणार. आमची नजर पडद्यावर नसते, यंत्रावर असते. त्या वेळी दिव्याऐवजी कार्बनच्या दोन कांड्या असत. त्या एकमेकींजवळ आणून प्रकाश पेटवायचा, जळून आखूड होतील तसतशा पुढे सरकवायच्या, रिळावर लक्ष ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की तयार व्हायचं, दुसऱ्यांदा दिसला की दुसरं यंत्र चालू. लोक म्हणतात तुम्ही हजारो पिक्चरं पाहिली. मी पाहिला तो उजवा कोपरा. तिथे बहुतेक वेळा आभाळ असतं.

मी कामाला लागलो तेव्हा पिंपरी-चिंचवडला कंपन्या एकेक करून उभ्या राहत होत्या. आमच्या थिएटरचं नाव नाही सांगत. मालकांची मुलं अजून आहेत आणि पुढे जे सांगणार आहे ते त्यांना ठाऊक नाही. आमचे खेळ घड्याळावर नाही, कंपनीच्या भोंग्यावर चालत. पहिली शिफ्ट सुटली की तीनचा खेळ भरायचा. रात्रपाळीवाले दुपारी बाराच्या खेळाला यायचे ते झोपायला. पंखे होते, अंधार होता, भाड्याच्या खोलीत दहा जणांत मिळत नाही ती शांतता होती. एक फाउंड्रीवाला तर दारवानाला बजावून बसायचा, "मारामारीला उठव, गाण्याला नको."

आणि कोणी पिक्चरचं नाव विचारत नसे. तिकिटाच्या खिडकीवर प्रश्न एकच, "कोणाचा आहे?" कोणाचा म्हणजे हिरो कोण. गोष्ट काय, काढला कोणी, कोणाला देणंघेणं नाही. एकदा माझ्या हातून पाच नंबरच्या जागी नऊ नंबरचं रीळ लागलं. हिरो गोळी लागून मेला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून मेला, आणि पुढच्या रिळात बागेत गाणं म्हणत आला. मॅनेजर धापा टाकत वर आले. मी पण घाबरलो, म्हटलं आता खुर्च्या मोडणार. खाली नुसत्या शिट्ट्या. सुटल्यावर एक जण जिन्याशी येऊन म्हणाला, "भारी केलंस भावा. मेलेला परत आणलास." तेव्हा मला कळलं की लोक गोष्ट बघायला येतच नाहीत, तोंड बघायला येतात. हे असं केव्हापासून झालं, ते मला भागूआत्याने सांगितलं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. थिएटरच्या मागच्या आवारात आमचा पेंटर बोर्ड रंगवत होता. एका हिरॉइनचं डोकं, बैलगाडीएवढं. मी बिडी ओढत उभा होतो. एक म्हातारी काठी टेकत आली. सत्तरीची असेल, नऊवारी लुगडं, एका पायाने लंगडत होती. ती त्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि पेंटरला म्हणाली, "ह्या पोरीचं नाव काय रं?"

पेंटरने नाव सांगितलं.

"ह्ये कंपनीचं झालं. घरचं काय?"

पेंटर हसायला लागला. "आजी, आम्हाला बोर्डवरचं माहीत. घरचं तिच्या आईला विचारा."

"आणि ही उद्या आजारी पडली, तर ह्ये नाव दुसरीला देत्यात का?"

ह्या प्रश्नावर मी बिडी टाकली. म्हटलं, आत्या, असं कुठं असतं का. ती म्हणाली, "असतंय की."

ती चऱ्होलीची. नाव भागीरथी, गावात सगळे भागूआत्या म्हणायचे. दर मंगळवारी भोसरीला बस बदलून तीनच्या खेळाला यायची आणि पुढून तिसऱ्या रांगेत बसायची, कारण नजर कमी होत चालली होती. त्यानंतर खेळ सुरू व्हायच्या आधी ती माझ्या केबिनच्या जिन्यावर टेकू लागली. दोन-तीन मंगळवारांत मिळून तिने जे सांगितलं ते असं.

मुक्या सिनेमाचे दिवस. पुण्याची एक कंपनी चऱ्होलीला नदीवर चित्र घ्यायला आली होती. घोड्यासकट डोहात उडी मारायची होती. त्यांच्याबरोबर आलेली बाई डोह बघून तंबूत जाऊन बसली. भागू तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, काठावर घागर घेऊन उभी. ती म्हणाली मी मारते. मारली. कंपनीवाले तिला घेऊनच गेले.

"बोलता येत व्हतं कुणाला?" ती म्हणायची. "तवा बोलायचंच नव्हतं, म्हणून तर मला घेतली. माझी ही बोली ऐकून कुणी घेतली असती व्हय?"

सुरुवातीला बोर्डावर कोणाचंच नाव नसे. चित्राचं नाव, कंपनीचं नाव, आणि खाली यादी: घोडदौड, आग, तलवारबाजी, डोहातली उडी. लोक उडी बघायला यायचे. मारणारी कोण, हे विचारत नव्हते. मग हळूहळू गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणारे तंबूवाले कंपनीला कळवू लागले की पब्लिक विचारतं, ती गालावर तीळवाली बाई पुढच्या चित्रात आहे का? भागूच्या उजव्या गालावर तीळ होता. मी पाहिला तेव्हा तो सुरकुत्यांत अर्धा हरवला होता. कंपनीच्या ध्यानात आलं की उडीपेक्षा तीळ जास्त खपतो. तिला नाव दिलं, मिस केवडा. पहिल्या चित्राला ते बोर्डावर खाली, बारीक. पुढच्याला चित्राच्या नावाएवढं. त्याच्या पुढच्याला चित्राच्या नावाच्या वर.

"मला वाचता येत न्हवतं," ती म्हणाली. "पर माझं नाव कंचं ते उंचीवरून कळायचं."

मग ती घोड्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. चार-पाच महिने गावाला अंथरुणात. बरी झाली तशी कंपनीत निघाली, तर वाटेत बाजारच्या गावी तंबू लागलेला, आणि बाहेर बोर्ड: मिस केवडा. नवीन चित्र. तिने तिकीट काढलं आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. पडद्यावर दुसरीच पोरगी. गालावर काजळाचा तीळ काढलेला, तोही डाव्या गालावर. पब्लिकने जरा वेळ कुजबूज केली, आणि तिने पहिल्यांदा डोळे वर केले तशा शिट्ट्या पडल्या.

"म्हंजे?" मी विचारलं. "कोणी ओरडलं नाही, ही ती नव्हे म्हणून?"

"बोर्डावर लिवलं व्हतं ना," ती म्हणाली. "मी उठून म्हणणार व्हते. उठले पण. मागची बाई म्हणाली, ए म्हातारे, खाली बस. मी इशीतली. लंगडत व्हते म्हणून वाटलं असंल तिला."

ती कंपनीत गेली तेव्हा त्यांनी वाईट वागवलं नाही. तुला दुसरं नाव देऊ म्हणाले. पण लंगडत्या पायाला घोडा देणार नव्हते. पुढे आवाजाचे सिनेमे आले आणि ती कंपनी बुडाली. जाताना ज्याने त्याने हाताला लागेल ते उचललं. कोणी खुर्च्या नेल्या, कोणी आरसा. भागूने एक डबा नेला. तिच्या चित्राचं एक रीळ. चाळीसहून जास्त वर्षं तो डबा लुगड्यात बांधून चऱ्होलीच्या घरात होता आणि त्यात काय आहे हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. बघणार कशावर?

आता ह्यात एक वसंता होता. तिच्या भावाचा मुलगा, आकुर्डीला स्कूटरच्या कंपनीत कामाला. आत्या त्याच्याकडेच राहायची. लहानपणी आत्याच्या गोष्टींवर त्याचा एवढा विश्वास, की पहिल्या पगारानंतर तो पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून मिस केवडाचं छापील पोस्टकार्ड शोधून घेऊन आला, आत्याला द्यायला. कार्डावर नाव होतं, तीळ होता. डाव्या गालावर. बाई दुसरीच. वसंताने ते तिला दिलंच नाही, हे त्याने मला खूप पुढे सांगितलं. कार्ड ट्रंकेत टाकलं आणि त्या दिवसापासून आत्या डोहाचं बोलायला लागली की तो उठून बाहेर जायचा.

"तोंडावर खोटी म्हणत न्हाई," आत्या मला म्हणाली. "म्हणला असता तर भांडले असते. दामू, माझे डोळे जायच्या आत ह्याला एकदा दाखव. मलाबी बघू दे."

मला ह्यात अवघड काय वाटणार? रोज चार खेळ चालवणारा मी. म्हटलं, आत्या, रविवारी सकाळी घेऊन या सगळ्यांना. मॅनेजरना सांगितलं, यंत्राची चाचणी आहे.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. वसंता आला, बायको-मुलं आली, कंपनीतले चार मित्र आले. आत्या धुतलेलं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत. मी रीळ तपासलं. कडा आक्रसल्या होत्या, पण भोकं शाबूत होती. यंत्रावर चढवलं, कांड्या पेटवल्या आणि सोडलं.

पहिल्याच सेकंदाला असा घरघराट झाला की खाली मुलांनी कान झाकले. मी आवाजाचं बटण चालू ठेवलं होतं, आणि यंत्र त्या चित्रालाच आवाज समजून वाचत होतं. ते घाईघाईने बंद केलं. चोवीस चित्रं सेकंदाला, ह्या नेहमीच्या वेगाने रीळ पळायला लागलं. नदीवर एक बाई घागर घेऊन तुरुतुरु चालत आली, कोंबडीसारखी मान वळवली, घागर आदळली, हात झटकले. मिशीवाला हिरो टुणकन घोड्यावरून उतरला. मित्र हसायला लागले. मुलं तर खुर्चीवर उभी राहून हसत होती. आणि सगळ्यात कळीचा प्रसंग, जिथे ती दाराआडून दोघांचं बोलणं ऐकत उभी राहते, तिथे ती पडद्याच्या डाव्या कडेला इतकी टोकाला होती की एक डोळा, नाक आणि अर्धे ओठ एवढंच दिसलं. उजवा गाल पडद्याच्या बाहेर.

वसंताचा आवाज मला वर ऐकू आला. "आत्या, एवढी कसली घाई होती गं तुला?"

पुन्हा हशा. वाईट माणूस नव्हता तो. चार मित्रांसमोर माणूस बोलून जातो.

दिवे लागल्यावर आत्या जिन्याशी आली. म्हणाली, "मी अशी चालत न्हवते." मी म्हटलं, आत्या, जुनी पिक्चरं अशीच पळतात. ती म्हणाली, "डबा दे माझा."

मला तेव्हा खरंच असंच वाटत होतं. मुकी पिक्चरं पळतात, माणसं टुणटुण उड्या मारतात, त्या काळी तसंच काढत असतील. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची हीच समजूत होती. मला वाईट वाटलं, पण मुळात लाज जास्त वाटली, आणि लाज वाटली की मी कामात डोकं खुपसतो. दिवाळीचं पिक्चर लागलं, सगळे खेळ हाउसफुल्ल. आत्या मंगळवारची यायची बंद झाली. मी म्हटलं, रागावली असेल, येईल. येईल येईल म्हणत चैत्र आला.

त्या वेळी मी रशीदचाचांना भेटायला भोसरीला गेलो. चाचा माझे उस्ताद. यंत्राला पहिला हात त्यांनी लावू दिला. मुक्या चित्रांच्या काळात ते फिरत्या तंबूत हाताने दांडा फिरवून यंत्र चालवायचे. आता मुलाकडे, इक्बालकडे, राहत होते. इक्बालचं एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं आणि चाचा दिवसभर तिथे स्टुलावर बसून सगळ्यांच्या चुका काढायचे. मी गंमत म्हणून आत्याची गोष्ट सांगितली. बाई कशी कोंबडीसारखी पळत होती ते करून दाखवलं. चाचा हसले नाहीत.

"गेट कौनसा लगाया था?"

"आपलं नेहमीचं."

"आणि वेग?"

"नेहमीचा."

चाचांनी कपाळाला हात लावला. "दामू, तुला मी शिकवलं हे कोणाला सांगू नकोस."

मग त्यांनी सांगितलं ते मी इथे सोपं करून सांगतो. यंत्रात फिल्म ज्या जागेतून प्रकाशासमोर जाते ते गेट. त्यात एक पितळेची पट्टी असते, तिला चौकोनी खिडकी. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच पडद्यावर जातं. बोलपटाच्या फिल्मवर डाव्या कडेला आवाजाची उभी रेघ असते, म्हणून आमच्या खिडकीची डावी बाजू बंद. मुक्या चित्राला आवाजच नाही. ती कडसुद्धा चित्राचीच. मी आत्याचा गाल पितळेखाली दाबून टाकला होता. आणि वेग म्हणाल तर मुकं चित्र सेकंदाला सोळा, कधी अठरा. चाचा म्हणाले, "आम्ही चित्र बघून हात चालवायचो. रडण्याला हलका, लढाईला जलद. ती बाई बरोबर चालत होती. पळवली तू."

मला आजही ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

इक्बाल ऐकत होता. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "पट्टी मी कापतो. मोटरवर लहान पुली बसवली की वेग पण कमी होईल. माप आणून दे." सोपं होतं. एका दुपारचं काम. ते सहा महिने आधीही एका दुपारचंच होतं.

रीळ मागायला मी चऱ्होलीला गेलो. आत्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. माझ्याकडे बघून हसली नाही. मी जवळ जाऊन "आत्या" म्हटलं, तेव्हा म्हणाली, "दामू व्हय?" आणि आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. मला उभ्याउभ्या कळलं.

"संक्रांतीपासनं," ती म्हणाली. "उजेड कळतो. दारात कुणी आलं की काळं दिसतं. बाकी न्हाई."

मी सगळं सांगितलं. गेट, वेग, माझी चूक.  ती शेंगा सोलत राहिली. वसंता दारात उभा होता. म्हणाला, "आता राहू द्या ना. तिला दिसणार नाही, उगाच हेलपाटा."

"मला न्हाई दाखवायचं," आत्या म्हणाली. "तुला दाखवायचंय."

ह्यावर तो आत गेला. डबा त्यानेच आणून दिला.

चाचांनी रीळ हातात घेऊन वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्या काळची फिल्म बारुदाच्या जातीची, एकदा पेटली की पाण्याने विझत नाही. माझं सुदैव म्हणून पहिल्या वेळी वाचलो. आता तर वेग कमी, म्हणजे प्रत्येक चित्र प्रकाशासमोर जास्त वेळ थांबणार, जास्त तापणार. एक क्षण अडकलं तर रीळ, केबिन, थिएटर आणि माझा परवाना, सगळं गेलं. चाचांनी अट घातली: करंट निम्मा. पडदा अंधुक झाला तरी चालेल.

"चाचा, तिला फक्त उजेड कळतो," मी म्हटलं. "तोच कमी करायचा?"

"तिच्यासाठी उजेड वाढवलास तर फिल्मवरचं तिचं तोंड जळेल," चाचा म्हणाले. "ठरव."

पुन्हा रविवार सकाळ. ह्या वेळी मित्र नव्हते. वसंता, त्याची बायको, मुलं आणि आत्या, तिसऱ्या रांगेत. केबिनमध्ये मी, चाचा, वाळूच्या चार बादल्या. इक्बालची पट्टी बसवली, इतकी चोख की हाताने दाबावीही लागली नाही. फिल्म आवाजाच्या भागातून न नेता सरळ खाली उतरवली. चाचा मला म्हणाले, "तू गेट सोडून कुठे बघायचं नाही. एक हात प्रकाशाच्या झडपेवर. धूर दिसला की पाड." आणि स्वतः भिंतीतल्या बघायच्या भोकाशी जाऊन उभे राहिले.

यंत्र सुरू झालं. इतकं हळू मी ते कधी ऐकलं नव्हतं. फिल्म गेटमधून टिकटिक करत उतरत होती. माझे डोळे त्या दोन बोटं जागेवर.

"नदी आली," चाचा म्हणाले. "बाई येते. चालते बघ कशी. नाही, तू बघू नकोस."

खाली अगदी शांत होतं. मग आत्याचा आवाज आला. मोठ्याने नाही, घरात बोलते तसा.

"आता घागर ठेवीन."

"ठेवली," चाचा म्हणाले.

"पदर खोचते. आता मागं बघते, घोडा वाजला म्हणून."

"बघितलं." चाचांचा आवाज बदलला होता. "दामू, तिला दिसत नाही ना रे?"

"नाही."

"ती आधी बोलते. चित्र मागून येतं."

पहिल्या खेळाला ती एक शब्द बोलली नव्हती, आणि बोलली असती तरी जमलं नसतं; माझ्या वेगाने चित्र तिच्या पुढे पळत होतं. आता ते तिच्या पावलाने चाललं होतं. पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागला होता, तेवढाच लागत होता, आणि तो तिच्या अंगात तसाच होता. ती म्हणाली, आता हात करते. चाचा म्हणाले, पडद्यावरची करते, खालची पण करते, दोघींचा एकदम वर गेला. खाली वसंताची मुलगी म्हणाली, "पप्पा, आजी बघा." 

गेटच्या कडेला फिल्म जरा पिवळी पडल्यासारखी वाटली. माझा अंगठा झडपेवर. दुसरा हात दोनदा करंटच्या चाकाकडे गेला. म्हटलं, थोडा वाढवू, तिला एवढं तरी कळेल की पडदा आहे. दोन्ही वेळा मागे घेतला.

"आता दाराआड हाय मी," आत्या म्हणाली. "हितं लई येळ उभी करून ठिवली हुती मला. हसायचं न्हाई सांगितलेलं."

"आली," चाचा म्हणाले. "डाव्या कडेला. पूर्ण चेहरा. या अल्ला. तीळ आहे दामू, उजव्या गालावर, ज्वारीच्या दाण्याएवढा. ओठ दाबून उभी आहे. डोळे खाली. रडत नाही. रागावली पण नाही. ऐकतेय नुसती. आता डोळे वर केले."

मान वळवली असती तर यंत्राच्या बाजूचं भोक माझ्या डोळ्यापासून हातभर होतं. मी वळवली नाही. त्याच ठिकाणी फिल्मचा जोड येत होता आणि जोड गेटमध्ये अडकतो. तो खडखडला, दचकला आणि निघून गेला.

रीळ संपलं. मी झडप पाडली आणि स्टुलावर बसलो. शर्ट पाठीला चिकटला होता. खाली दिवे लावायचं विसरलो म्हणून चाचांनी लावले.

वसंता आत्याला धरून जिन्यापर्यंत घेऊन आला. त्याचे डोळे लाल.  आत्याचा हात त्याने असा धरला होता की ती म्हणाली, "सोड रं, मोडशील."

मग तिने वर तोंड केलं. "दामू."

"आत्या."

"तीळ दिसला?"

चाचा माझ्या मागे उभे होते. त्यांना ठाऊक होतं मी कुठे बघत होतो.

"दिसला आत्या," मी म्हटलं. "उजव्या गालावर. ज्वारीच्या दाण्याएवढा."

"तवा मोठा हुता," ती म्हणाली. मग वसंताला म्हणाली, चल, बस जाईल.

ते रीळ पुन्हा लावता आलं नाही. तापल्यामुळे असेल किंवा वयामुळे, पावसाळ्यात ते चिकट होऊन त्याचा गोळा झाला. चाचा म्हणाले, असं ठेवणं धोक्याचं, म्हणून पाण्यात बुडवून थिएटरच्या मागे पुरलं. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. आत्या त्यानंतर दोन वर्षांनी गेली, रशीदचाचा तिच्या पुढच्या वर्षी. माझ्याबद्दल म्हणाल तर परवाना शाबूत राहिला आणि मी रीतसर निवृत्त झालो. पण पहिल्या रविवारी तिला दिसत होतं, आणि त्या रविवारी मी तिला अर्धी आणि पळणारी दाखवली, हे मला कधी विसरता आलं नाही. विसरूही नये.

वसंता आता माझ्यासारखाच म्हातारा झालाय. चऱ्होलीला त्याच्या घरासमोर इमारती उभ्या राहिल्यात. घरी कोणी नवीन पाहुणा आला की तो सांगतो, आमची आत्या सिनेमात होती, बोर्डावर नाव होतं तिचं. कोणी हसलं तर म्हणतो, मी बघितलंय. आणि मी असलो तर माझ्याकडे बोट करतो, ह्यांना विचारा, ह्यांनीच खेळ लावला होता.

मग लोक मला विचारतात, दिसायला कशी होती? मी सांगतो. ओठ दाबून उभी होती, डोळे खाली, रडत नव्हती, रागावलीही नव्हती, आणि मग तिने डोळे वर केले. सगळं सांगतो. त्या भोकाशी उभं राहून रशीदचाचांनी मला सांगितलं, अगदी तसं.